अर्थशिप

टाकाऊ टायर, डबे व बाटल्या आणि जागेवरची माती यांपासून बांधलेला आणि ऊब, वीज, पाणी, सांडपाण्याची विल्हेवाट व काही अंशी अन्न या गरजा स्वतःच्या आवारातच भागविणारा घराचा एक प्रकार. ‘अर्थशिप’ या इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ ‘भूनौका’ असा आहे. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या जहाजाला पाण्याची व शक्तीची तरतूद स्वतःच करावी लागते; त्याप्रमाणे हे घर सार्वजनिक नळावर किंवा विजेच्या तारेवर विसंबत नाही, असे या नावातून सूचित होते. या प्रकाराचे जनक मायकेल रेनल्ड्स (१९४५– ) हे अमेरिकन वास्तुविशारद असून त्याची जडणघडण अ. सं. सं. च्या न्यू मेक्सिको राज्यात टाओस या गावाच्या परिसरात १९७० नंतर झाली. भिंत, ऊर्जा व पाणी ही तिन्ही अंगे एकाच रचनेत गुंफण्याचा पद्धतशीर प्रयत्न म्हणून या घरांना महत्त्व आहे. राहणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि त्याची सुरक्षितता यांची सांगड कायद्याने कशी घालावी, हा प्रश्नही त्यांच्या इतिहासातून पुढे आला.

पूर्वपीठिका : मिळेल त्या वस्तूतून निवारा उभारण्याची प्रथा फार जुनी आहे. टाओसजवळील प्वेब्लो इंडियनांची अनेकमजली मातीची वस्ती कित्येक शतके नांदती असून १९९२ मध्ये तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांच्या तिच्या जाड भिंती दिवसाची उष्णता शोषून घेतात व रात्री ती सावकाश बाहेर सोडतात. १८६२ च्या होमस्टेड अधिनियमानंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ प्रदेशात वसाहती करणाऱ्या शेतकऱ्यांना लाकूड मिळेना. तेव्हा त्यांनी मुळांसह कापलेल्या हिरवळीच्या चौकोनी ढेपांनी घरे रचली. नेब्रॅस्कातील वालुकामय टेकड्यांच्या भागात तशी घट्ट हिरवळही नव्हती. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने दाबलेल्या गवताच्या गासड्या विटांप्रमाणे रचून घरे बांधण्यात आली. नेव्हाडामधील रायोलाइट या खाणकामगारांच्या गावी १९०६ मध्ये सु. ५०,००० रिकाम्या बाटल्यांचे घर उभे राहिले. त्यामागेही लाकडाची टंचाई व मद्यालयांतील बाटल्यांची विपुलता हीच कारणे होती. ही सर्व घरे गरजेपोटी निर्माण झाली; त्यांच्यामागे एखादे तत्त्वज्ञान नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली. कारखानदारीमुळे एकदा वापरून टाकावयाच्या वस्तूंचे ढीग वाढू लागले आणि त्यांच्याकडे बांधकामाचे साहित्य म्हणून पाहिले जाऊ लागले. हॉलंडमधील हाइनेकन या बिअर कंपनीने वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांच्याकडून, रिकामी झाल्यावर विटेप्रमाणे रचता येईल अशा चौकोनी बाटलीचा आराखडा करून घेतला (१९६३). परंतु तिचा व्यापारी वापर झाला नाही. कोलोरॅडो राज्यातील ‘ड्रॉप सिटी’ या तरुण कलावंतांच्या वसाहतीत (१९६५) मोडीत निघालेल्या मोटारींचे पत्रे कापून घुमटाकार घरे बांधण्यात आली. ती वसाहत काही वर्षांतच ओस पडली. दक्षिण फ्रान्समधील ओदेइयो येथे फेलिक्स त्राँब व झाक मिशेल यांनी काचेमागे जाड भिंत उभारून सूर्याच्या उष्णतेने घर उबदार ठेवण्याचा प्रयोग १९६७ मध्ये केला. न्यू मेक्सिकोतच स्टीव्ह बेअर यांनी पाण्याने भरलेली पिंपे काचेमागे रचून तेच कार्य साधले. १९७३ च्या तेलसंकटाने अशा प्रयोगांना निकडीचे स्वरूप दिले. १९७५ मध्ये ब्रेंडा व रॉबर्ट व्हेल यांचा स्वायत्त घरावरील ग्रंथ इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला आणि या विचाराला शास्त्रीय मांडणी लाभली.

उगम व विकास : सिनसिनॅटी विद्यापीठातून १९६९ मध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेतल्यानंतर रेनल्ड्स टाओसला आले. पेयांच्या रिकाम्या डब्यांची एकत्र बांधलेली जुडगी विटेऐवजी वापरून त्यांनी १९७२ च्या सुमारास आपले पहिले घर बांधले. डब्यांच्या भिंती हलक्या होत्या; त्यांत उष्णता साठून राहत नसे. हा उणेपणा मोटारींच्या जुन्या टायरांनी भरून निघाला. टायर कुजत नाही, तो जवळपास फुकट मिळतो आणि त्यात माती ठासली की भक्कम, जड वीट तयार होते. १९८० नंतर या रचनेला आजचे रूप आले व अर्थशिप हे नाव रूढ झाले. १९९० पासून रेनल्ड्स यांनी घर स्वतः कसे बांधावे याची माहिती देणारे ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध केले. दूरचित्रवाणीवरील नट डेनिस वीव्हर यांनी कोलोरॅडोत असे घर बांधल्यामुळे या पद्धतीला प्रसिद्धी मिळाली.

रचना व कार्य : घराची लांब बाजू उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे व दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड करून असते आणि ती संपूर्ण काचेची असते. उरलेल्या तीन बाजूंना टायरांच्या भिंती असून त्यांच्या पाठीशी मातीचा भराव असतो. प्रत्येक टायर जागेवर आडवा ठेवून त्यात घणाने माती ठासतात. भरलेल्या टायराचे वजन सु. १३५ किग्रॅ. पर्यंत जाते. म्हणून तो भरल्यानंतर हलवीत नाहीत. वरच्या थरातील टायर खालच्या दोन टायरांच्या सांध्यावर येतील अशा रीतीने थर रचले जातात आणि शेवटी भिंतीवर मातीचा किंवा सिमेंटचा गिलावा देतात. भार न पेलणाऱ्या आतील भिंती डबे व बाटल्या मसाल्यात बसवून करतात. हिवाळ्यात तिरपे ऊन काचेतून आत खोलवर शिरते, जाड भिंती तापतात व रात्री ऊब देतात. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असल्यामुळे ऊन आत कमी येते. जमिनीखाली थोड्या खोलीवर तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, याचाही भरावामुळे लाभ होतो.

छपरावरचे पाऊस व हिमाचे पाणी टाक्यांत साठवून व गाळून वापरले जाते. अंघोळीचे व धुण्याचे पाणी घरातील काचेलगतच्या वाफ्यांत सोडतात. तेथे वनस्पती व सूक्ष्मजीव ते अंशतः शुद्ध करतात. तेच पाणी शौचकूपात वापरून शेवटी मलकुंडातून बाहेरच्या वाफ्यांत सोडले जाते. अशा रीतीने पाणी चार वेळा उपयोगात येते. घरातील वाफ्यांत भाजीपाला व फळझाडे लावता येतात. वीज सौर घटांपासून व काही ठिकाणी पवनचक्कीपासून मिळवून विद्युत् घटमालेत साठवितात.

कायद्याशी संघर्ष : रेनल्ड्स यांनी टाओसच्या आसपास अशा घरांच्या वसाहती वसविल्या. त्यांपैकी ‘ग्रेटर वर्ल्ड’ ही सर्वांत प्रसिद्ध असून तिचे क्षेत्र सु. २५० हेक्टर आहे. जमिनीचे तुकडे पाडून विकताना रस्ते, पाणी, वीज व मलनिःसारण यांची सोय करण्याचे बंधन कायद्याने घातलेले होते; या सोयी बाहेरून आणावयाच्या नाहीत, हाच तर या वसाहतींचा हेतू होता. परिणामी १९९७ मध्ये ग्रेटर वर्ल्डमधील काम स्थानिक शासनाने थांबविले. दुसरीकडे, छपरे गळतात व घरे अतोनात तापतात किंवा थंड पडतात, अशा तक्रारी काही घरमालकांनी केल्या आणि दावेही दाखल झाले. रेनल्ड्स यांना वास्तुविशारदाचा परवाना सोडावा लागला. प्रयोग म्हटला की चुका होणारच व चुका करण्यास मुभा नसेल तर नवी वास्तू निर्माण होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. घर विकत घेणारा मनुष्य प्रयोगाचा विषय नसतो, अशी नियामकांची बाजू होती. या दोहोंत तथ्य होते.

वसाहतीला पुढे रीतसर मान्यता मिळाली. राज्याच्या विधिमंडळाकडे रेनल्ड्स यांनी अनेक वर्षे केलेल्या पाठपुराव्यानंतर २००७ मध्ये न्यू मेक्सिकोने शाश्वत विकासाच्या चाचणी-स्थळांविषयीचा कायदा संमत केला. ठरावीक जागेत, देखरेखीखाली व प्रचलित बांधकाम-नियमांतून मर्यादित सूट देऊन प्रयोग करू द्यावे, असा या कायद्याचा आशय आहे. त्याच वर्षी त्यांचा परवानाही पूर्ववत झाला. या लढ्यावरील ‘गार्बेज वॉरियर’ हा ऑलिव्हर हॉज दिग्दर्शित अनुबोधपटही २००७ चाच आहे.

प्रसार व मर्यादा : स्कॉटलंडमधील किंगहॉर्न व इंग्लंडमधील ब्रायटन येथे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अर्थशिप उभारण्यात आल्या. २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये व २०१६ मध्ये उरुग्वायमधील एका शाळेसाठी याच पद्धतीचा अवलंब झाला. २००४ च्या त्सुनामीनंतर रेनल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमान बेटांवर जाऊन पावसाचे पाणी साठविणारी वास्तू बांधून दाखविली.

तथापि ही पद्धत मूळची टाओसच्या हवामानाला जुळणारी आहे. तेथील भूमी समुद्रसपाटीपासून सु. २,१०० मी. उंचीवर असून हवा कोरडी, ऊन प्रखर व रात्री थंड असतात. उत्तर यूरोपात हिवाळ्यातील ऊन क्षीण व हवा दमट असते. तेथे भिंत व भराव यांमध्ये उष्णतारोधक थर आणि पूरक शेगडी यांची गरज भासते. दख्खनच्या कोरड्या पठारावर सुखकर ठरणारे धाब्याचे मातीचे घर कोकणच्या पावसात टिकत नाही, यातील तत्त्वही हेच आहे. टायर ठासण्याचे श्रम प्रचंड असून एका घरास कित्येक शे टायर लागतात. शिवाय काच, सिमेंट, पोलाद, सौर घट व विद्युत् घटमाला बाजारातूनच घ्यावी लागते. त्यामुळे ही घरे बांधकामाच्या खर्चात स्वस्त असतातच असे नाही. बचत होते ती पुढील वापरात.

भारतातील समांतर विचार : भारतात या विचाराचा उगम निराळा आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगाव (पुढे सेवाग्राम) येथे राहावयास गेले, तेव्हा माती, बांबू, लाकूड व कौले या स्थानिक साहित्यातून आणि गावच्या कारागिरांकडून तेथील कुटी बांधण्यात आल्या. आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातील असावे, हा गांधीजींचा विचार आपणास मार्गदर्शक ठरला, असे वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) सांगत. केरळमध्ये काम करताना त्यांनी जुन्या इमारतींतील दारे-खिडक्या व टाकाऊ कौले पुन्हा वापरली आणि भिंतींत रंगीत बाटल्या बसविल्या.

मात्र साहित्य नैसर्गिक आहे एवढ्याने घर सुरक्षित होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीच्या चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे अवजड छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले, हे त्याचे प्रमुख कारण होते. भिंतींना बांधून ठेवणारी सलग पट्टी व आरपार दगड असते, तर अशा अनेक घरांचा बचाव झाला असता. बांधकामाच्या नियमांमागील हा हेतू स्वयंपूर्ण घरांच्या पुरस्कर्त्यांनाही डावलता येत नाही.

महत्त्व : अर्थशिप संपूर्णपणे स्वयंपूर्ण नाही. तिच्या भिंतींतील टायर मोटारींच्या संस्कृतीने निर्माण केले, छपरावरील सौर घट कारखान्यात तयार झाले आणि तिला उभे राहण्याची मुभा कायद्याने दिली. जी संस्कृती नाकारावयाची तिच्याच उकिरड्यावर हे घर उभे आहे. परंतु आपण किती पाणी वापरतो, वीज कोठून येते व सांडपाणी कोठे जाते, हे शहरी माणसाच्या नजरेआड गेलेले प्रश्न या घरात रोज समोर उभे राहतात. टाकीत उरलेले पाणी व घटमालेत उरलेली वीज पाहूनच तेथे दिवस काढावा लागतो. जुन्या खेड्यातील घरांना ही जाणीव परिस्थितीने दिली होती. ती जाणीवपूर्वक परत आणण्याचा प्रयत्न या घरांनी केला, यातच त्यांचे ऐतिहासिक महत्त्व आहे.