छताच्या पंख्याचा उशिरा मांडलेला हिशेब

भारतात छताला टांगलेला पंखा विजेच्या कितीतरी आधी आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यातल्या इंग्रजांच्या घरांत आणि कचेऱ्यांत लांबट लाकडी चौकट, तिला ताणून बसवलेले कापड आणि खाली झालर असा पंखा दिसू लागला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई आणि तिथे बसलेला पंखेवाला ती तासन् तास ओढत राही. रात्रीच्या पाळीला हात दुखले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, उताणे पडून पाय हलवायचा. डोळा लागला, वारा थांबला, की साहेब उठून लाथा घाली. अशा मारहाणीत काही पंखेवाले मेले आणि मारणारे गोरे बहुधा किरकोळ शिक्षेवर सुटले. व्हाइसरॉय कर्झनच्या कारकिर्दीत हा सरकारदरबारी वादाचा विषय झाला होता. वाऱ्याची किंमत त्या काळी फार होती, पण ती देणारा आणि वारा घेणारा असे दोघे वेगळे होते. पुढे वीज आल्यावरही हा घोळ पुरता सुटला नाही.

विजेचा छतपंखा अमेरिकेत १८८० च्या दशकात जन्मला. फिलिप डील हा जर्मनीतून तिकडे गेलेला अभियंता सिंगर कंपनीच्या शिलाई यंत्रांसाठी विजेची मोटर बनवत होता. तीच मोटर त्याने छताला उलटी टांगून पाती जोडली. भारतात आधी वीज पोहोचायला हवी होती. कोलकात्यात १७ एप्रिल १८९९ रोजी पहिले वीजनिर्मिती केंद्र सुरू झाले. मुंबईत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ट्राम आणि दिवे विजेवर गेले, आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून घाटावरच्या पाण्याची वीज शहरात आली. दिव्यांच्या मागोमाग पंखे लागले, ते आधी बँका, क्लब, हॉटेले आणि बड्या पेढ्यांत. तालुक्या-जिल्ह्याच्या गावी मात्र दोरीचा पंखा बराच टिकला. ई. एम. फॉर्स्टरच्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ए पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीतल्या न्यायालयात पंखेवालाच दोरी ओढतो आहे.

सुरुवातीचे पंखे विलायतेतून येत. कोलकात्यात डीसी वीज होती, त्यामुळे तिथल्या पंख्यांच्या मोटरीत कार्बनचे ब्रश असत. ते झिजत आणि बदलावे लागत. एसी वीज सर्वत्र झाली तेव्हा ब्रशची कटकट गेली आणि पंखा जवळजवळ बिनदेखभालीचा झाला. देशी कारखानेही उभे राहिले. क्रॉम्प्टन पार्किन्सनचा वरळीचा कारखाना १९३७ चा. १९६६ मध्ये त्याच कंपनीची क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झाली. कोलकात्यात जय इंजिनिअरिंगचा उषा आणि ओरिएंट ही नावे मोठी झाली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली, तेव्हा बाजार पूर्णपणे देशी पंख्यांचा झाला आणि हळूहळू पंखा चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडापर्यंत पोहोचला.

या पंख्याची रचना साधी आहे. मध्ये तांब्याच्या तारेचे वाइंडिंग असलेला स्थिर भाग, त्याभोवती फिरणारे कवच, कवचाला तीन पाती आणि सुरुवातीचा जोर देण्यासाठी वायरमन ज्याला कंडेन्सर म्हणतो तो कपॅसिटर. फिरणाऱ्या भागात वीज तारेने जात नाही. मधल्या स्थिर भागाच्या चुंबकी क्षेत्राने ती तिथे उत्पन्न होते आणि त्या प्रवाहाने तो भाग तापतो. मोटर लहान, वेग कमी, लोखंडी पत्रे स्वस्तातले, अशा स्थितीत १२०० मिलिमीटर पात्यांचा पंखा साधारण ७५ वॅट खाई आणि त्यातले निम्म्याहून कमी पात्यांपर्यंत पोहोचत. उरलेल्याची उष्णता होई. उन्हाळ्यात खोली गार करायला लावलेले यंत्र स्वतःच थोडे तापत असे, यात विनोद आहेच.

रेग्युलेटरने त्यात भर घातली. हवेला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर पात्यांना एक अष्टमांश शक्ती पुरते, म्हणजे पंखा मंद केला की बचत मोठी व्हायला हवी. पण भिंतीवरच्या बेकेलाइटच्या जुन्या खोक्यात रोधक तारा असत. पंख्याला नको असलेली बरीच वीज त्या तारांत जळे. खोक्याला हात लावला की चटका जाणवे. पुढे इलेक्ट्रॉनिक आणि कपॅसिटरवर चालणारे रेग्युलेटर आले आणि ही गळती बरीचशी थांबली. पंख्याच्या वीजबचतीतला हा पहिला खरा टप्पा, पण त्याचा कुणी गवगवा केला नाही.

वॅट मोजण्याची गरजच कुणाला वाटली नव्हती. गिऱ्हाईक दुकानात पंखा लावून वारा पाहायचे, आवाज ऐकायचे आणि किंमत घासायचे. बिल्डर किंवा घरमालक पंखे बसवून देई आणि बिल भाडेकरू भरे. शिवाय पंखा मरत नाही: कॉइल जळली तर वाइंडिंग करून घ्यायचे, वेग मंदावला तर कंडेन्सर बदलायचा, आणि तोच पंखा पुढची वीस वर्षे फिरतो. काटकसरी घराला हे भूषणच. विजेच्या हिशेबात मात्र जुन्या मोटरीचे आयुष्य लांबणे महाग पडते. कारखानदारांनीही या काळात रंग, सोनेरी पट्ट्या आणि पात्यांचे आकार बदलले, मोटर तशीच ठेवली.

चित्र बदलले ते कायद्याने. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांचे लेबल लागू लागले. पंख्यांसाठी ते आधी ऐच्छिक होते. ज्यांचा माल चांगला तेच लेबल लावत, बाकीचे बिनलेबलचा माल स्वस्तात विकत. तरी या योजनेने एक मोजमाप रुजवले: पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो, त्याला वॅटने भागायचे. या जुन्या श्रेणीत भागाकार ४ आला की पाच तारे मिळत.

तंत्रातला मोठा बदल २०१२ च्या सुमारास आला. कोइम्बतूरच्या व्हर्सा ड्राइव्ह्ज या कंपनीने ३५ वॅटचा ‘सुपरफॅन’ बाजारात आणला. त्याच साली आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी ॲटमबर्ग ही कंपनी सुरू केली आणि काही वर्षांत तिचे २८ वॅटचे पंखे घरोघरी दिसू लागले. ब्रश नसलेली डीसी मोटर, म्हणजे बीएलडीसी, हे त्यांचे मर्म. फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असल्याने तिथे प्रवाह उत्पन्न करण्याचा खर्च वाचतो. छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट वाइंडिंगला योग्य क्षणी वीज देते. वेगही त्याच सर्किटने बदलतो, त्यामुळे भिंतीवरच्या रेग्युलेटरची गरज राहत नाही. विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी वेग टिकतो, इन्व्हर्टरवर पंखा जास्त वेळ चालतो. किंमत जास्त, आणि सर्किट बिघडले तर गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याचा उपयोग नाही, हे त्याचे खरे उणे.

१ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांना लेबल सक्तीचे झाले आणि निकषही वर सरकले. १२०० मिलिमीटरच्या पंख्यासाठी भागाकार ४ असेल तर आता एकच तारा मिळतो, पाच ताऱ्यांसाठी ६ लागतो. मिनिटाला २१० घनमीटर हवा धरली तर याचा अर्थ साडेबावन्न वॅटच्या जागी ३५ वॅट. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा लावला, तो रोज बारा तास आणि वर्षात २४० दिवस चालला, तर सुमारे १३० युनिट वाचतात. चार पंख्यांच्या घरात पाचशेहून अधिक. ज्यांचे बिल वरच्या स्लॅबमध्ये जाते त्यांच्याकडे ही बचत सगळ्यात महागड्या युनिटांची होते.

नुसता वॅटचा आकडा पाहून मात्र पंखा घेऊ नये; हवा कमी ढकलूनही वॅट कमी दाखवता येतात. लेबलवरचे हवेचे प्रमाण आणि श्रेणीचे वर्ष दोन्ही वाचावे, कारण २०२३ च्या आधी पाच तारे मिरवणारा पंखा आजच्या मोजपट्टीवर जेमतेम एका ताऱ्याचा ठरू शकतो.