जीपचा ब्रेक

परभणीहून जिंतूरला जाताना रस्त्यावर आमची झरी लागते. गाव रस्त्यावर, पण शेतं आत. सगळी काळी, कापसाची जमीन. मृगाचे दोन पाऊस चांगले झाले की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं आणि चिखलात चप्पल सोडून माणूस पुढं निघून जातो. त्या चिखलातून आपल्या ताकदीनं बाहेर येणारं यंत्र आमच्या लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते जीपच्या रूपात. आमचा आजा सांगायचा, निजामाचं राज्य गेलं त्या १९४८ च्या सप्टेंबरात त्यानं लष्कराची जीप पाहिली. पुढं गटविकास आला, बीडीओ साहेब आले आणि जीप म्हणजे सरकार असं समीकरणच झालं. लांबून धुरळा दिसला की माणसं चावडीवर गोळा व्हायची.

ही जीप मुळात लढाईची. १९४१ पासून अमेरिकेत विलिस आणि फोर्ड कंपन्यांनी ती लाखोंनी बनवली. लढाई संपल्यावर तिला शेतीची, सडकेची कामं लावली. आपल्याकडं १९४५ ला सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीनं १९४७ पासून मुंबईत विलिसच्या जीपा जोडायला घेतल्या आणि पुढं त्या इथंच बनू लागल्या. अंग बदललं, इंजिन बदललं, पण चपटे मडगार्ड आणि खालचा सांगाडा पुष्कळ वर्षं तोच राहिला. ब्रेक आणि स्टेअरिंगही तेच राहिले. मला सांगायचंय ते त्यांचंच.

आमची जीप सरकारी लिलावातली. अण्णांनी ती घेतली तेव्हा तिचं हूड फाटलेलं होतं आणि मागच्या बाकांवर कोंबड्या बसायच्या. अण्णांनी बाक काढले, परभणीहून लोखंडी पत्र्याचा हौदा करून आणला आणि तिची पिकअप झाली. खताची पोती, कडबा, कापूस, लगीनघरची भांडी, बाळंतीण, सगळं त्या हौद्यातून गेलं. पेट्रोल परवडेना तेव्हा जुनं डिझेल इंजिन बसवलं. गावात त्याचं फार कौतुक झालं. खर्च कमी, ओढ जास्त. पण त्या इंजिनानं पुढचं वजन वाढलं, मागं हौद्यानं वाढवलंच होतं, आणि सडकही हळूहळू डांबरी झाली. गाडी जड झाली आणि पळायलाही लागली. थांबवायची सोय मात्र लष्करी जीपचीच राहिली.

ती सोय कशी होती ते सांगतो. चारी चाकांना नऊ इंची ड्रम. मास्टर सिलिंडर एकच, आणि तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला लावलेला. त्यात तेल घालायचं तर फळीवरचं झाकण काढून वाकून घालायचं. ओढ्याचं पाणी, चिखल, भुस्सा सगळं तिथंच. चारी चाकांची नळी त्या एकाच सिलिंडरला जोडलेली, म्हणजे एका चाकाचा रबरी कप फुटला की चारी चाकांचा ब्रेक गेला. हात ब्रेक चाकांवर नव्हताच. गिअरबॉक्सच्या मागं, मागच्या शाफ्टवर एक छोटा ड्रम, त्याला तो धरायचा. उभ्या गाडीला ठीक. चालत्या गाडीत ओढला तर सगळा झटका शाफ्टच्या क्रॉसवर.

ओढा ओलांडला की ब्रेक ओले व्हायचे. पहिल्यांदा पाय दिला की काहीच नाही, दुसऱ्यांदा एकच चाक धरायचं आणि गाडी त्या बाजूला ओढायची. अण्णा ओढ्यातून वर आले की दहा-वीस पावलं ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवायचे, लायनर वाळवायला.

स्टेअरिंगचं वेगळंच. पेटीतून निघालेला दांडा एक्सलच्या मधोमध बसवलेल्या एका कोनाला हलवायचा आणि त्या कोनापासून दोन्ही चाकांना दोन दांडे. एवढ्या सांध्यांत थोडी थोडी झीज झाली की सगळी मिळून चाकात पाव फेरा प्ले. पेटीतला स्क्रूही मधल्या जागीच जास्त झिजायचा, कारण माणूस सरळच जास्त चालवतो. प्ले काढायला पेटी आवळली की सरळ रस्त्यावर बरं वाटायचं, पण वळणावर चाक जाम. म्हणून अण्णा ती आवळू देत नसत. चाक सतत थोडं इकडं, थोडं तिकडं फिरवत राहायचं, तेव्हा गाडी सरळ जायची. पाळणा हलवल्यासारखं. आम्हाला वाटायचं, गाडी अशीच चालवतात.

मी सातवीत होतो. दिवाळी होऊन कापसाची पहिली वेचणी झालेली. तेव्हा कापूस एकाधिकार खरेदीत घालावा लागायचा आणि केंद्रावर गाड्यांची रांग दोन-दोन दिवस. अण्णा घाईत होते. मी गाडीच्या कामात हात घालायला टपलेलो असायचो. फळीचं झाकण काढून पाहिलं, मास्टर सिलिंडरातलं तेल खाली गेलेलं. गोठ्याच्या कोनाड्यात ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा होता. तेलासारखं तेल. मी ओतलं, झाकण लावलं, हात बैलाच्या झुलीला पुसले. कोणाला सांगितलं नाही, कारण मला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नाही.

तीन दिवसांनी अण्णा म्हणाले, “गाडी जड ओढायली रं.” उतरून चाकाला हात लावला तर चटका बसला. करपलेला, आंबूस वास. कापूस भरलेला होता, रांगेत नंबर लावायचा होता, तेव्हा “निवल की होईल नीट” म्हणून ते तसेच निघाले. मी पुढं बसलेलो. हौद्यात कापसाची गंज दाबून भरलेली आणि तिच्यावर आमचा सालगडी. त्यांना आम्ही पोरं मामा म्हणायचो.

ओढ्याकडं उतरणारा रस्ता. खाली अरुंद फरशी, फरशीवर एक बैलगाडी आडवी. अण्णांनी पाय दिला आणि पाय खाली गेला. पुन्हा दिला, पुन्हा फळीपर्यंत. त्यांनी हात ब्रेक ओढला, खालून खाडकन आवाज आला आणि तोही सुटला. पहिल्या गिअरला तसाही चालत्या गाडीत पडायची सवय नव्हती. नुसता किर्र वाजला. अण्णांनी चाक डावीकडं फिरवलं. आधी पाव फेरा रिकामाच गेला. तेवढ्यात आम्ही किती पुढं गेलो ते मला अजून दिसतं. मग गाडी वळली, बांध चढली आणि नांगरलेल्या रानात कलंडली. सगळीकडं पांढरा कापूस. मामा त्याच्याखाली. मांडीचं हाड मोडलं होतं.

मामा पाच महिने खाटेवर होते. त्यांचं साल अण्णांनी पूर्ण दिलं आणि पुढंही देत राहिले, पण पाय आखूड झाला तो झालाच. ते पुन्हा कधी औतामागं चालले नाहीत.

गाडी परभणीच्या उस्तादांकडं गेली. त्यांनी सिलिंडर उघडला आणि रबरी कप हातावर ठेवून अण्णांना दाखवले. फुगून दीडपट झालेले, काठ उलटे वळलेले. “इसमें दूसरा तेल गया है, भाऊ.” मग समजावून सांगितलं. ब्रेकचं तेल वेगळं, इंजिनाचं किंवा ट्रॅक्टरचं खनिज तेल त्याच्या रबराला चालत नाही. रबर फुगतं, तेल परत यायचं छिद्र बंद होतं, ब्रेक थोडे लागलेलेच राहतात, ड्रम तापतो आणि शेवटी कप दाबच धरत नाही. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्याच हातून गेलं असंल गडबडीत.” मी तिथंच उभा होतो. बोललो नाही. त्यानंतर अण्णांनी जीप चालवली नाही. ते गेले तोवर त्यांना तसंच वाटत होतं.

जीप गोठ्यात पडून राहिली. सडकेवर कमांडर आल्या, काळ्या-पिवळ्या आल्या, मग बोलेरो आल्या. नोकरी संपवून मी गावी परतलो तेव्हा जीप पुन्हा चालू करायचं मनात घेतलं. पुण्यातले जुन्या जीपांचे शौकीन ओळखीचे होते. त्यांचं म्हणणं, जशी होती तशीच ठेवा. एक नट बदलला तरी किंमत जाते. अंगणात उभी करायची असेल तर त्यांचं बरोबर आहे. मला तीत कापूस घालायचा होता. रंगाची गोष्ट काढली तर मामांचा पोरगा म्हणाला, “आधी थांबायचं बघा, मग रंगाचं.”

उस्तादांचा मुलगा आता गॅरेज सांभाळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसी बुकात नसलेला बदल मनानं करता येत नाही, म्हणून आधी परवानगीचे कागद केले आणि मगच पाना लावला. पुढं डिस्क, मागं मोठे अकरा इंची ड्रम. मास्टर सिलिंडर दोन खणांचा, म्हणजे पुढची नळी फुटली तरी मागचे ब्रेक राहतात. तो पायाखालून काढून बॉनेटखाली आणला, आता तेल उभ्यानं दिसतं. त्याला बूस्टर. पेट्रोल इंजिन हवा ओढताना पोकळी तयार करतं, बूस्टर तिच्यावरच चालतो. डिझेलमध्ये ती पोकळी मिळत नाही, म्हणून मागं व्हॅक्युम पंप असलेला आल्टरनेटर बसवावा लागला. पुष्कळ ठिकाणी नुसता बूस्टर लावून देतात आणि मालकाला वाटतं ब्रेक सुधारला. पंपाशिवाय तो डबा शोभेचा.

स्टेअरिंगमधला तो मधला कोन काढून टाकला. दोन्ही चाकांना जोडणारा एकच लांब दांडा, गोळ्यांवर फिरणारी नवी पेटी आणि पॉवर. पोरगं आधी पॉवरच लावायला निघालं होतं. मी म्हणालो, आधी किंगपिनचे बेअरिंग बदल. पॉवर लावली की चाक हलकं होतं आणि खालची झीज हाताला कळत नाही.

पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंत जाऊन आलो. उतरलो आणि तोच वास आला. करपलेला, आंबूस. पुढच्या चाकाला हात लावला, चटका. माझे पायच गळाले. चाळीस वर्षांत तो वास मी विसरलो नव्हतो. पोरानं फोनवर विचारून विचारून शेवटी कारण काढलं. मास्टर सिलिंडर ड्रमवाल्या गाडीचा होता. ड्रमच्या नळीत थोडा दाब धरून ठेवणारा एक छोटा व्हॉल्व्ह त्याच्यात असतो. ड्रमला तो लागतो. डिस्कला मात्र तेवढ्या दाबानं पॅड चिकटून राहतात. पुढच्या बाजूचा व्हॉल्व्ह काढला, हवा काढली, चाक निवांत फिरलं.

दुसरी अडचण हौद्याची. भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक बरोबर, पण रिकामा हौदा हलका, जोरात पाय दिला की मागची चाकं आधी जाम होऊन शेपूट फिरतं. मागच्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घातला. मग रिकामी चालवून पाहिली, दहा पोती सोयाबीन टाकून चालवून पाहिली, ओढ्यातून भिजवून चालवून पाहिली. सगळा मिळून सात-आठ क्विंटल कापसाचा खर्च आला.

मग मामांना बोलावलं. काठी टेकत आले, पुढं बसले. त्याच उतारावर नेलं. फरशी आता राहिली नाही, पूल झालाय. वरून गाडी सोडली आणि मध्यावर पाय दिला. गाडी सरळ, जागच्या जागी थांबली. मामांनी डॅशबोर्डाला धरलेला हात काढला.

तिथं उभ्या गाडीत मी त्यांना सांगितलं की ते तेल अण्णांनी नाही, मी टाकलं होतं.

मामा रानाकडं बघत होते. म्हणाले, “मला काय माहीत न्हाई का? डबा कोनाड्यातून काढून म्याच दिलता की तुला. तुवा हात पुरत नव्हता.”

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

“मग अण्णांना सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं? मह्या मांडीचं हाड जुळलं असतं का?” मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. तेलाची नवी बाटली हातात घेऊन उलटीपालटी केली, वाचता येत नाही म्हणून झाकण सुंगून पाहिलं आणि मला म्हणाले, “भाऊ, हिच्यावर लाल रंगाची एक रेघ मार. अन् ट्रॅक्टरच्या डब्याजवळ ठिवू नको.”

रेघ त्याच संध्याकाळी मारली. बाटली आता घरात, देव्हाऱ्याखालच्या फळीवर असते.