तिकिटावरचा काळा डाग

संग्रहालयात मुले आणि पालक यांच्यासाठी तिकीटसंग्रहाचा दिवस ठरला की एक दृश्य हमखास दिसते. टेबलावर कोमट पाण्याचे पसरट भांडे, त्यात तरंगणारे लिफाफ्यांचे कातरलेले कोपरे, बाजूला चिमटा आणि टीपकागद. काही मिनिटांत गोंद सुटतो आणि तिकीट कागदापासून अलगद वेगळे होते. मग मुले स्वच्छ, रंगीत तिकिटे निवडतात. काळ्या शिक्क्याने माखलेले तिकीट बाजूला पडते. जुन्या तिकिटांच्या बाबतीत मात्र नेमके तेच आधी उचलावे.

प्रारंभ सिंधपासून करावा लागतो. १ जुलै १८५२ रोजी तेथे निघालेली ‘सिंध डाक’ तिकिटे ही भारतातीलच नव्हे, तर आशियातील पहिली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. ती काढणारा तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. अर्ध्या आण्याचे हे गोल तिकीट आधी लाल लाखेचे होते. ठिसूळ असल्याने ते सहज तुटे. मग पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव आला, तर तो मंद उजेडात दिसेना. शेवटी निळा रंग आला. तिन्ही प्रकार आज दुर्मीळ आहेत.

१ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या भारतासाठी एकच तिकीट आले आणि सिंधचा प्रयोग संपला. पूर्वी पत्राचा दर अंतरावर ठरत असे. आता पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात कंपनी सरकारच्या मुलखात कोठेही जाऊ लागले. तिकिटे कलकत्त्यात शिळाछापावर निघाली. त्यांना कडेची भोके नव्हती. टपालबाबू ती कात्रीने कापून देत.

वापरलेले तिकीट कोणी पुन्हा चिकटवू नये म्हणून टपाल कचेऱ्या त्यावर ठसठशीत काळा शिक्का मारीत. राणीचा चेहरा त्याखाली पुरता झाकला जाई. संग्राहकांना खटकणारा डाग तो हाच. पण पुष्कळ शिक्क्यांच्या मधोमध कचेरीचा क्रमांक असे. ‘१’ म्हणजे मुंबई. ‘१२४’ म्हणजे एडन, समुद्रापलीकडचे ते बंदर, ज्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. ‘बी १७२’ म्हणजे सिंगापूर, कारण ती वसाहतही १८६७ पर्यंत कलकत्त्याच्या अखत्यारीत होती. तिकीट तेच, राणी तीच; ते सोलापूरला लागले की सिंगापूरला, हे सांगणारा पुरावा फक्त तो काळा आकडा. कोऱ्या तिकिटाला असा प्रवास नसतो.

आता पाण्याच्या भांड्याकडे पुन्हा पाहावे. त्या काळी क्रमांकाचा शिक्का तिकिटावर आणि तारखेचा शिक्का पुष्कळदा पत्राच्या दुसऱ्या जागी पडे. तिकीट सोडवले की आकडा हाती राहतो, तारीख फेकली जाते. पाठीवर पोहोचल्या गावाचा शिक्का असेल, तर निघणे आणि पोहोचणे यांमधील दिवस मोजता येतात. वाटेतले शिक्के मार्ग दाखवतात. पत्ता मोडीत असो वा गुजरातीत, त्यावरून व्यवहार कोणाचा हे कळते. एका कोपऱ्याच्या हौसेपायी हे सारे पाण्यात जाते, आणि गेल्या शतकातील असंख्य हौशी वह्या अशाच भरल्या. म्हणूनच जाणकार आज सुट्या तिकिटापेक्षा अखंड लिफाफा जपतात. घरातल्या जुन्या पेटीत पत्रांचा गठ्ठा सापडला, तर कात्री दूर ठेवलेलीच बरी. भिजवण्याच्या सरावाला परवाच्या टपालातली तिकिटे पुरतात.

एडनमध्ये भारतीय तिकिटे १९३७ पर्यंत चालली. सिंगापूरने १८६७ मध्ये वेगळी तिकिटे काढली, तीही प्रथम भारतीय तिकिटांवरच मुकुट आणि सेंटमधील किंमत छापून. खाली ‘ईस्ट इंडिया’ ही अक्षरे तशीच राहिली होती.