संपत्ती, श्रद्धा आणि परदेशप्रवास : ल्यू वॉलेस यांच्या ‘बेन-हर’ कादंबरीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेत रेल्वे, तेल व पोलाद या उद्योगांतून अल्पावधीत अफाट संपत्ती निर्माण झाली. मार्क ट्वेन व चार्ल्स डडली वॉर्नर यांच्या १८७३ मधील कादंबरीच्या नावावरून हा कालखंड पुढे ‘सोनेरी मुलाम्याचे युग’ म्हणून ओळखला गेला. श्रीमंतास स्वर्गाचे द्वार अवघड आहे, ही ख्रिस्ताची शिकवण मानणाऱ्या प्रोटेस्टंट समाजापुढे त्यामुळे एक पेच उभा राहिला. ल्यू वॉलेस (१८२७-१९०५) यांची १८८० मध्ये हार्पर अँड ब्रदर्स यांनी प्रकाशित केलेली ‘बेन-हर’ ही ऐतिहासिक कादंबरी या पेचाला दिलेले उत्तर आहे. ते उत्तर कोणते व त्यात काय झाकले गेले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लेखक आणि न पाहिलेला प्रदेश

वॉलेस हे उत्तरेकडील सैन्यातील सेनानी व पेशाने वकील होते. १८७६ मध्ये रेल्वेप्रवासात प्रसिद्ध अज्ञेयवादी वक्ते रॉबर्ट इंगरसॉल यांच्याशी झालेल्या संभाषणाने आपणास धर्माविषयीच्या स्वतःच्या अज्ञानाची जाणीव झाली, असे त्यांनी नमूद केले आहे. न्यू मेक्सिको प्रदेशाचे गव्हर्नर असताना (१८७८-१८८१) त्यांनी ही कादंबरी पूर्ण केली. पॅलेस्टाईन तोवर त्यांनी पाहिलेही नव्हते. नकाशे व ग्रंथ यांच्या आधारे त्यांनी जेरुसलेम, अँटिऑक व रोम उभे केले. कादंबरीच्या आरंभी भेटणाऱ्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी मेल्किऑर हा जन्माने ब्राह्मण असलेला हिंदू दाखविला आहे. हे चित्रणही ग्रंथाधारितच होय. पुढे १८८१ ते १८८५ या काळात ऑटोमन साम्राज्यातील अमेरिकेचे राजदूत म्हणून त्यांना ही पवित्र भूमी प्रत्यक्ष पाहता आली.

त्या काळी परदेशप्रवास हे अमेरिकी सुखवस्तू वर्गाचे नवे आकर्षण होते. थॉमस कुक यांनी १८६९ मध्ये पॅलेस्टाईनच्या सहली सुरू केल्या होत्या. ज्यांना असा प्रवास परवडत नव्हता, त्यांना ‘बेन-हर’ने तो घरबसल्या घडविला. कादंबरीवाचनाकडे संशयाने पाहणाऱ्या अनेक धर्मनिष्ठ कुटुंबांतही या पुस्तकाला प्रवेश मिळाला.

संपत्तीचे दोन मालक

कथानायक यहूदा बेन-हर हा जेरुसलेममधील धनाढ्य घराण्याचा वारस आहे. खोट्या आरोपामुळे त्याची मालमत्ता जप्त होते व तो रोमन गलबतावर वल्ही मारणारा गुलाम बनतो. पुढे सेनानी क्विंटस एरियस यांचा दत्तकपुत्र म्हणून त्याला रोममध्ये वैभव लाभते. मात्र त्याच्या वडिलांचे १२० टॅलेंट इतके धन अँटिऑक येथील व्यापारी सिमोनिडीस याने छळ सोसून जपलेले व व्यापाराने वाढवून ६७३ टॅलेंटवर नेलेले असते. हा सिमोनिडीस कायद्याने हर घराण्याचा आजन्म दास आहे. दासाने मिळविलेले सर्व धन मालकाचे, हा त्या व्यवस्थेचा नियम होय.

येथे लेखकाची अडचण स्पष्ट दिसते. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली होती आणि तिच्या पाठीराख्यांविरुद्ध वॉलेस स्वतः लढले होते. त्यांचा नायक मूळ १२० टॅलेंट वगळता उरलेली संपत्ती सिमोनिडीसला परत देऊ करतो. परंतु कायद्याने आपली सुटका अशक्य असल्याचे सांगून सिमोनिडीस स्वेच्छेने कारभारीपद मागून घेतो. त्याची कन्या एस्थर हिच्याशी नायकाचा विवाह होतो. अशा रीतीने श्रमाच्या मालकीचा प्रश्न औदार्य, निष्ठा व प्रेम यांत विरघळून जातो.

कॅलिक्सटस भुयार : कथा आणि इतिहास

नीरोच्या राजवटीच्या दहाव्या वर्षी रोममधील ख्रिस्ती लोकांच्या छळाची वार्ता ऐकून बेन-हर आपले धन तेथील भूमिगत मंडळीसाठी अर्पण करतो. रोमला जाणाऱ्या वाचकाने कॅलिक्सटस दफनभुयार पाहावे, म्हणजे त्या संपत्तीचे काय झाले हे कळेल, असे लेखक अखेरीस सुचवितो. संपत्ती, श्रद्धा व परदेशप्रवास हे तिन्ही धागे येथे एकत्र येतात. धन त्याज्य नसून ते ईश्वराने सोपविलेली ठेव आहे, हे कादंबरीचे उत्तर होय. धनिक हा समाजाचा विश्वस्त आहे, असे प्रतिपादन अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये केले. वॉलेस यांच्या कथेत या विचाराचे धार्मिक रूप नऊ वर्षे आधीच आढळते.

इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. हे भुयार नीरोच्या काळातील नसून साधारणतः दुसऱ्या शतकाच्या अखेरचे आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते कॅलिक्सटस पुढे पोप झाले (२१७-२२२). त्यांचे विरोधक हिप्पोलिटस यांच्या वृत्तांतानुसार ते पूर्वी गुलाम होते आणि मालकाने पैशांचा व्यवहार त्यांच्यावर सोपविला होता. हा वृत्तांत वैरभावाने लिहिलेला असला, तरी त्यातील सामाजिक वास्तव महत्त्वाचे आहे. कादंबरीने जेथे राजकुमाराचे दान पाहिले, तेथे इतिहासात एका पूर्वाश्रमीच्या गुलामाचे नाव कोरलेले आहे.

समारोप

१९१३ मध्ये सीअर्स कंपनीने या कादंबरीच्या दहा लाख प्रती अवघ्या ३९ सेंट किमतीत काढल्या. १९५९ च्या चित्रपटाने ११ ऑस्कर पुरस्कार मिळविले. या लोकप्रियतेमागे कथेतील थराराइतकेच नैतिक आश्वासनही होते. धन कोठे खर्च झाले याचे उत्तर कादंबरी मनःपूर्वक देते. ते कोणाच्या श्रमातून आले, हा प्रश्न ती सिमोनिडीसच्या रूपाने उपस्थित करते आणि तसाच सोडते. इतिहासाच्या अभ्यासकाने ‘बेन-हर’ वाचावी ती या अनुत्तरित प्रश्नासाठी.