डायनोसॉरांची भिंत

संग्रहालय म्हटलें कीं बहुधा एखाद्या मोठ्या शहरांतील भव्य इमारत डोळ्यांपुढें उभी राहते. दूरदूरच्या वस्तु तेथें आणून कांचेच्या कपाटांत मांडलेल्या असतात आणि प्रत्येक वस्तूजवळ ती कोठून आली हें सांगणारी एक चिठ्ठी असते. वस्तु एका ठिकाणची आणि तिचें दर्शन दुसऱ्या ठिकाणीं, हा संग्रहालयांचा जणूं नियमच होऊन बसला आहे. अमेरिकेंतील यूटा राज्याच्या ईशान्य भागांत मात्र एक संग्रहालय असें आहे कीं, तेथील मुख्य वस्तु कोठूनहि आणावी लागली नाहीं. डोंगराचा एक कडा हीच त्या इमारतीची एक बाजू आहे, आणि त्या कड्यांत सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वींच्या डायनोसॉरांचीं सुमारें १,५०० हाडें जशीं पुरलीं गेलीं तशींच आजहि पाहावयास मिळतात. येथील पहिलीं हाडें सांपडलीं १९०९ सालीं; त्यांच्यावर कायमचें छप्पर चढलें १९५८ सालीं. मधल्या ४९ वर्षांची हकीकत हाडें काढण्याची जितकी आहे, तितकीच तीं जागच्या जागीं राहूं देण्याची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील मोठमोठ्या संग्रहालयांमध्यें प्रचंड सांगाडे मिळविण्याची शर्यत लागली होती. पोलादाच्या धंद्यांत अमाप संपत्ति मिळविलेले अँड्र्यू कार्नेगी यांनाहि पिट्सबर्ग येथील आपल्या संग्रहालयासाठीं असे सांगाडे हवे होते. वायोमिंगमध्यें १८९९ सालीं त्यांच्या माणसांना डिप्लोडोकस या लांबलचक प्राण्याचा सांगाडा सांपडला आणि १९०५ सालीं त्याची प्लास्टरची प्रतिकृति लंडनच्या संग्रहालयास भेट म्हणून गेली. तेवढ्यानें हौस भागली नाहीं. संग्रहालयाचे संचालक विल्यम हॉलंड यांच्या हाताखालीं अर्ल डग्लस नांवाचे एक पुराजीवशास्त्रज्ञ होते. १८६२ सालीं मिनेसोटा राज्यांत जन्मलेले हे गृहस्थ मूळचे प्राचीन सस्तन प्राण्यांचे अभ्यासक, आणि यूटाच्या मुलखांत ते त्यांच्याच शोधासाठीं येत असत. १९०८ सालीं हॉलंड स्वतः त्यांच्याबरोबर आले असतां एका घळींत डायनोसॉरच्या मांडीचें भलें मोठें हाड पडलेलें दिसलें. हाड खडकापासून सुटलेलें होतें. पण तें जवळच्याच कोठल्या तरी थरांतून आलें असलें पाहिजे, हें उघड होतें. पुढील वर्षीं डग्लस यांना खास डायनोसॉरांच्या शोधासाठीं तेथें पाठविण्यांत आलें.

ग्रीन नदी ज्या स्प्लिट माउंटन नांवाच्या डोंगराला चिरून बाहेर पडते, त्याच्या आसपासच्या ओसाड, रखरखीत टेकड्यांतून डग्लस हिंडत होते. १७ ऑगस्ट १९०९ रोजीं एका झिजलेल्या वालुकाश्मांत त्यांना शेंपटीचे आठ मणके दिसले. ते आठहि मणके एकापुढें एक, जिवंत प्राण्याच्या शरीरांत असतात त्याच क्रमानें होते. सुटें हाड कोठेंहि वाहून येऊं शकतें. परंतु मणके क्रमवार असले म्हणजे त्यांच्यामागें खडकांत उरलेलें शरीरहि असण्याचा संभव असतो. झालेंहि तसेंच. तें शरीर ॲपॅटोसॉरस नांवाच्या प्राण्याचें निघालें, आणि कार्नेगी यांच्या पत्नी लुईझ यांच्या नांवावरून हॉलंड यांनीं त्या जातीचें नांव ‘ॲपॅटोसॉरस लुईझी’ असें ठेवलें.

ही बातमी आजूबाजूच्या वस्त्यांत पसरावयास वेळ लागला नाहीं. लोक गाड्या जोडून पाहावयास येऊं लागले. आया आणि आज्या तान्हीं मुलें घेऊन ती अवघड चढण चढून आल्या, हें डग्लस यांनीं आपल्या रोजनिशींत नोंदविलें आहे. पुढें होणाऱ्या संग्रहालयाचे पहिले प्रेक्षक हेच म्हणावयास हवेत. त्यांच्यासाठीं तिकीट नव्हतें, चिठ्ठी नव्हती, छप्परहि नव्हतें. होता तो उघडा डोंगर आणि त्यांतून डोकावणारीं हाडें.

डग्लस यांनीं आपल्या पत्नीला व लहानग्या मुलाला तेथेंच आणलें आणि पहिला हिवाळा त्या कुटुंबानें खाणीच्या परिसरांतच काढला. काम अत्यंत कष्टाचें होतें. खडक छिनी-हातोड्यानें फोडावयाचा. हाड उघडें पडलें कीं त्याभोंवतीं प्लास्टरमध्यें भिजविलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळावयाच्या. तें कवच कठीण झालें म्हणजे सारा तुकडा खडकापासून सोडवून पेटींत भरावयाचा. त्या पेट्या गाड्यांतून दूरच्या ड्रॅगन नांवाच्या रेल्वेस्थानकापर्यंत जात आणि तेथून पिट्सबर्गला. १९०९ पासून १९२२ पर्यंत ३०० टनांहून अधिक माल या मार्गानें गेला. त्यांत संपूर्ण व अर्धवट असे अनेक सांगाडे होते.

हें चाललें असतां एक निराळीच अडचण उभी राहिली. ती जमीन सरकारी होती, आणि वसाहतीसाठीं येणाऱ्या कोणाहि माणसाला तिच्यावर हक्क सांगतां आला असता. म्हणून संग्रहालयाच्या बाजूनें खाणकामाचा हक्क मिळविण्याचा प्रयत्न झाला. परंतु डायनोसॉरचीं हाडें हीं कायद्याच्या अर्थानें खनिज होत नाहींत, असा सरकारी खात्यानें निर्णय दिला. अखेर १९०६ च्या प्राचीन वस्तूंच्या कायद्याखालीं अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं ४ ऑक्टोबर १९१५ रोजीं खाणीसह ८० एकर जमीन ‘डायनोसॉर राष्ट्रीय स्मारक’ म्हणून जाहीर केली. जागा अशा रीतीनें राष्ट्राची झाली. पण ज्यांच्यामुळें ती राष्ट्राची झाली, तीं हाडें मात्र पूर्वींप्रमाणेंच पेट्यांत भरून बाहेर जात राहिलीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. हाडें अखेर पाहावयाचींच, मग तीं डोंगरांत पाहिलीं काय आणि शहरांत पाहिलीं काय, फरक कोणता? या प्रश्नाचें उत्तर त्या खडकानेंच दिलेलें आहे. हा थर मूळचा एका प्राचीन नदीच्या पात्रांतील वाळूचा. अवर्षणानें मेलेले लहानमोठे प्राणी पुढें पुरानें वाहत येऊन, नदीच्या वळणावर ओंडके साचावेत तसे एके ठिकाणीं साचले आणि वाळूखालीं गाडले गेले, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. कोट्यवधि वर्षांनीं डोंगर वर उचलला जातांना तो आडवा थर कलला आणि जमिनीशीं सुमारें ६७ अंशांचा कोन करून उभा राहिला. तेव्हां आज जी भिंत दिसते, ती वस्तुतः उभा झालेला नदीचा तळ आहे. कोणतें हाड कोणाशेजारीं पडलें, कोणता सांगाडा सलग राहिला आणि कोणाचे अवयव विखुरले, यांतच त्या नदीची व त्या पुराची साक्ष आहे. हाड उचलून दुसरीकडे नेलें म्हणजे हाड राहतें, पण ही साक्ष केवळ कागदावरील नोंदीपुरती उरते.

ती नोंदहि किती मोलाची असते, हें पिट्सबर्गच्याच सांगाड्यानें दाखवून दिलें. ॲपॅटोसॉरस लुईझीच्या मानेपासून थोड्याच अंतरावर खाणींत एक लांबट कवटी सांपडली होती, आणि ती याच प्राण्याची असावी असें हॉलंड यांचें मत होतें. पण न्यूयॉर्कचे हेन्री ऑसबॉर्न यांच्यासारख्या मान्यवर विद्वानांच्या मतें या प्राण्याची कवटी आंखूड व भक्कम, कॅमॅरासॉरस नांवाच्या दुसऱ्या डायनोसॉरसारखी असावयास हवी होती. हॉलंड यांनीं आपली कवटीहि चढविली नाहीं आणि दुसऱ्यांचीहि चढविली नाहीं. १९३२ सालीं ते निवर्तले, तोंपर्यंत तो प्रचंड सांगाडा बिनडोक्याचाच उभा होता. त्यांच्या पश्चात् त्याला कॅमॅरासॉरसच्या धर्तीची कवटी बसविण्यांत आली, आणि कित्येक पिढ्यांनीं तोच प्राणी खरा म्हणून पाहिला. पुढें १९७५ सालीं जॉन मॅकिन्टॉश व डेव्हिड बर्मन या संशोधकांनीं जुनीं पत्रें व खाणीच्या नोंदी तपासून हॉलंड यांचेंच म्हणणें बरोबर ठरविलें, आणि १९७९ सालीं त्या सांगाड्यास त्याची योग्य कवटी मिळाली. कवटी खाणींत नेमकी कोठें पडली होती, या माहितीनें सुमारें ६० वर्षांचा वाद निकालांत निघाला.

हाडांच्या जागेचें हें मोल डग्लस यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? सारीं हाडें काढून नेण्यापेक्षां सरकारनें कड्याचा मोठा भाग उघडा करावा, हाडें व सांगाडे खडकांतच उठावांत कोरून ठेवावे आणि त्यांच्यावर इमारत उभारावी, अशी सूचना त्यांनीं उत्खननाच्या काळांतच केली होती. ज्या माणसाचें सारें काम हाडें बाहेर काढण्याचें, त्यानेंच कांहीं हाडें आंत राहूं द्यावींत असें म्हणावें, यांत मोठा मनाचा संयम होता.

पण ही इच्छा त्यांच्या हयातींत पुरी व्हावयाची नव्हती. १९१९ सालीं कार्नेगी वारले आणि १९२२ सालीं पिट्सबर्गच्या संग्रहालयानें येथील काम थांबविलें. नंतर वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेनें १९२३ सालीं एक डिप्लोडोकस नेला, आणि यूटा विद्यापीठासाठीं डग्लस यांनीं १९२४ पर्यंत आणखी कांहीं उत्खनन केलें. त्यानंतर खाण शांत झाली. १९३१ सालीं वॉशिंग्टनमध्यें तो डिप्लोडोकस प्रेक्षकांपुढें उभा राहिला, आणि त्याच वर्षीं सॉल्ट लेक सिटी येथें डग्लस यांचें देहावसान झालें. त्यांच्या कड्यावर तेव्हां छप्पर नव्हतें.

पुढें मंदीच्या काळांत बेकार लोकांना काम देण्याच्या सरकारी योजनांखालीं खाणीवरील निरुपयोगी खडक दूर करण्यांत आला. १९३८ सालीं स्मारकाची हद्द वाढवून ग्रीन आणि याम्पा या नद्यांच्या दऱ्यांसह ती २,००,००० एकरांहून अधिक झाली. याच दऱ्यांत एक मोठें धरण बांधण्याची योजना निघाली आणि तिच्यावर देशभर वादळ उठलें. १९५६ सालीं ती सोडून देण्यांत आली. या वादामुळें त्या दूरच्या मुलखाकडे सर्वांचें लक्ष वेधलें गेलें. याच सुमारास थिओडोर व्हाइट यांच्या देखरेखीखालीं कड्यावरील हाडांचें काम पुन्हां सुरू झालें. पण या वेळीं हेतु उलट होता. हाडाभोंवतालचा खडक तेवढा अलगद काढावयाचा आणि हाड जागच्या जागीं ठेवावयाचें. अखेर १ जून १९५८ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या अँशेन व ॲलन या वास्तुशिल्पज्ञांनीं आंखलेली कांचेची प्रकाशमय इमारत लोकांस खुली झाली. डग्लस यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनीं प्रत्यक्षांत आली.

तरीहि हकीकत येथें संपत नाहीं. जागा बदलावयाची नाहीं, असें एकदां ठरलें म्हणजे जागेचे दोषहि पत्करावे लागतात. या परिसरांतील खडकांत प्राचीन ज्वालामुखींच्या राखेपासून बनलेली एक चिकणमाती आहे. पाणी मिळालें कीं ती फुगते आणि वाळली कीं आकसते. इमारतीचा पाया या मातीवर असल्यामुळें थोड्याच वर्षांत ती हलूं लागली; भिंतींना तडे गेले, जमीन उंचसखल झाली. कड्यांतील हाडें स्थिर होतीं. अस्थिर होतें तें त्यांच्या रक्षणासाठीं बांधलेलें घर. २००१ सालीं त्या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला, आणि २००६ च्या जुलै महिन्यांत ती धोकादायक म्हणून बंद करावी लागली. त्या वेळीं हाडें काढून दुसरीकडे नेणें कदाचित् सोपें झालें असतें. तसें करण्यांत आलें नाहीं. कांहीं भाग पाडून, पाया खोल नेऊन तो घट्ट खडकाला टेकविण्यांत आला, आणि ऑक्टोबर २०११ मध्यें तें दालन पुन्हां उघडलें.

जेथें जीवाश्म सांपडले तेथेंच ते दाखवावेत, हा विचार इतरत्रहि दिसतो. चीनमधील झिगाँग येथें खाणीवरच उभारलेलें डायनोसॉर संग्रहालय १९८७ सालीं सुरू झालें. आणि गुजरातेंत बालासिनोरजवळच्या रैयोली गांवीं, जेथें डायनोसॉरांचीं हाडें व अंडीं सांपडलीं तेथेंच, २०१९ सालीं संग्रहालय उघडलें. अशा ठिकाणीं जाण्यास प्रवासाचे कष्ट पडतात, आणि शहरांतील संग्रहालयांचें महत्त्वहि त्यामुळें कमी होत नाहीं. पिट्सबर्गमध्यें उभा असलेला सांगाडा लाखो लोकांनीं पाहिला, तो डोंगरांत राहता तर त्यांतील फारच थोड्यांना दिसता. परंतु यूटाच्या त्या दालनांत खालच्या बाजूला कांहीं हाडें अशीं आहेत कीं, त्यांना हात लावण्याची प्रेक्षकांस मुभा आहे. लहान मुलें तीं चांचपून पाहतात, तेव्हां हाताला लागणारें हाड व त्याभोंवतालची वाळू यांची सोबत १५ कोटि वर्षांची असते. १९०९ सालीं कडेवरून त्या चढणीवर आलेल्या मुलांनींहि याच कड्याचें दर्शन घेतलें होतें. मधल्या काळांत त्याच्यावर एक छप्पर आलें, आणि तेंहि एकदां दुरुस्त करावें लागलें, एवढाच काय तो फरक.