माकडांच्या नावाची पणती

आमच्या वर्ध्याकडे माकड म्हटले की फुटकी कौले आठवतात. तरी यंदा एक पणती मी माकडांच्या नावाने लावणार आहे.

१९५७ साली म्हैसूर राज्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि भोवतालची माणसे तापाने फणफणली. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र तेव्हा अवघे पाच वर्षांचे. तिथल्या संशोधकांनी गोचिडांमार्फत पसरणारा नवा विषाणू हुडकून काढला. माकडांच्या मरणाने माणूस सावध झाला.

२०२० साली करोना आला, तेव्हा त्याच संस्थेला पुन्हा माकडे हवी होती. नवी लस माणसाला टोचण्याआधी, तो आजार जडू शकेल अशा प्राण्यावर पारखावी लागते. टाळेबंदीत खायला मिळेना म्हणून लाल तोंडाची माकडे रानात खोल शिरलेली. शोधता शोधता ती आमच्या शेजारच्या नागपूरकडे सापडली. २० माकडांचे चार गट केले. तीन गटांना लसीचे निरनिराळे नमुने टोचले, चौथ्याला लस नाही. मग साऱ्यांना विषाणू दिला. फुप्फुसे काढून तपासली, तेव्हा चौथ्या गटात न्यूमोनिया दिसला, इतरांत नाही. त्यांतलीच एक लस, कोव्हॅक्सिन, पुढे माझ्या दंडात आली.

वर्गात हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, माकडांना कुणी विचारले होते का?"

सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातले. तिथे राहिलेल्या गांधीजींनी १९०९ सालीच 'हिंद स्वराज्य'मध्ये जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीचा धिक्कार केला होता. मला लसही नाकारता आली नाही आणि त्या मुलीला उत्तरही देता आले नाही. म्हणून ती पणती.