गोळी लागू पडायला वेळ का लागतो?

आमच्या हमरापुरात पावसाळा लागला की गणपतीच्या कारखान्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. अशाच धांदलीत एका वर्षी माझी आपा ओट्यावर नुसती बसून राहिली. जेवेना, बोलेना. कुणी नजर लागली म्हटलं, कुणी तावीज आणला. शेवटी डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "काहीच फरक नाही. बंद करू?" मी गप्प. शेजारचा मूर्तिकार एवढंच म्हणाला, "शाडू उन्हात घाईनं वाळवला तर तडकतो, ताई."

उत्तराच्या शोधात मी, बी.ए. झालेला कवी, प्रयोगशाळांच्या इतिहासात शिरलो.

नैराश्यावरचं औषध सापडलं ते अपघातानं. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं, तर खंगलेले रोगी हसू-बोलू लागले. औषध आधी आलं, कारणांचा शोध मागाहून. त्याआधी, १९५१ साली, बाल्टिमोरच्या जॉर्ज गे यांनी हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या पेशी काचेच्या भांड्यात जगवल्या होत्या. तिला न विचारता घेतलेल्या! हे मला अजून सलतं. याच गे यांच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या कमल रणदिवे शिकल्या आणि १९६०च्या दशकात त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ती कर्करोगासाठी होती, पण पेशी पाळण्याची विद्या आपल्याकडे रुजली.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य, उल्लास कोल्थुर-सीताराम आणि सहकाऱ्यांनी बशीत वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूपेशींना सेरोटोनिन दिलं. २०१९ साली त्यांनी जाहीर केलं की, पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे ऊर्जेच्या भट्ट्या, वाढतात आणि पेशी ताणही अधिक सोसते. नैराश्यावरच्या नेहमीच्या अनेक गोळ्या हेच सेरोटोनिन काही तासांत वाढवतात; माणसाला बरं वाटायला मात्र आठवडे लागतात. म्हणजे मधल्या काळात पेशीच्या आत काहीतरी सावकाश घडत असणार. भट्ट्या हा त्याचा एक धागा असेल, सगळं उत्तर नव्हे. बशीतल्या पेशीला ना सासर, ना माहेर. ती उदास होत नाही.

आपानं गोळ्या सोडल्या नाहीत. दीड महिन्यानं एका सकाळी आतून आवाज आला, "चहात आलं घालायचं कुणी सांगायला हवं का?"